जॉन डो
जॉन डो हे अज्ञात किंवा ओळख गुप्त ठेवलेल्या पुरुषासाठी इंग्रजीत वापरले जाणारे कल्पित नाव आहे. स्त्रीसाठी 'जेन डो' हे नाव रूढ आहे. मराठीतील 'अमका-तमका' हे शब्द याच प्रकारचे आहेत.

इंग्लंडमध्ये जमिनीच्या ताब्याचा दावा जॉन डो या काल्पनिक भाडेपट्टेदाराच्या नावे चाले. त्याला हुसकावणारा रिचर्ड रो हाही काल्पनिकच असे. १८५२ च्या कायद्याने तेथील ही पद्धत संपुष्टात आली. अमेरिकेत मात्र ही नावे टिकली. ओळख न पटलेल्या मृतदेहाचा उल्लेख तेथे याच नावाने होतो. गर्भपातविषयक 'रो विरुद्ध वेड' खटल्यातील (निकाल १९७३) वादी नॉर्मा मॅकॉर्व्ही यांची ओळख 'जेन रो' या नावाआड राखली गेली होती. भारतात अज्ञात प्रतिवादींविरुद्धच्या मनाई हुकुमास 'जॉन डो आदेश' किंवा 'अशोक कुमार आदेश' म्हणतात.