तिसरी घंटा, ऑर्गन आणि सांगलीच्या देवलांचा गंधार

कोरेगाव तालुक्यातील रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव. त्यांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ साली धि गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचे होते. सातारा-सांगली भागातील एखादी हौशी मंडळी आज हे नाटक बसवू लागली, तर रंगमंचापुढे तबल्याशेजारी बहुधा एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड दिसेल. तिसरी घंटा होते, धुपाचा वास पसरतो, वादक ‘ऑर्गन’ लिहिलेले बटण दाबतो आणि नांदी सुरू होते. त्या एका बटणामागे सुमारे सव्वाशे वर्षांचा वाद दडलेला आहे. आजचा धागा त्या वादाविषयी.

आरंभी वाद्याची ओळख करून घेऊ. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियम सिद्ध केली. पितळी सुरांवर भात्यातील हवेचा दाब आला की ते कंप पावतात. अमेरिकेत एस्टी, मेसन अँड हॅमलिन अशा कंपन्यांनी उलट रचना लोकप्रिय केली. तीत पायांनी चालणारा भाता हवा ओढून घेतो आणि बाहेरची हवा सुरांतून आत शिरते. त्यामुळे आवाज अधिक मऊ व गोलसर निघतो. हाच आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन. चर्चमधील उंच नळ्यांच्या ऑर्गनशी त्याचे नाते नावापुरतेच म्हणावे.

सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधार गाई आणि पट्ट्यांच्या वाद्याचा प्रश्नच नव्हता. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले. नट स्वतः गाऊ लागला आणि साथीला महत्त्व आले. सारंगीच्या जोडीला पायपेटी आली, मग ऑर्गन. त्याचे कारण व्यावहारिक होते. ध्वनिक्षेपक नव्हते, थिएटरे मोठी होती, आणि नट संवादातून एकदम पदात शिरत असे. त्याला आधारस्वर तात्काळ हवा होता आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा होता. भाता पायांकडे गेल्याने वादकाचे दोन्ही हात मोकळे राहिले. एका हाताने चाल वाजवावी आणि दुसऱ्याने खालचे सूर धरून ठेवावेत, असा भरघोस आवाज त्यातून उभा राहिला.

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या साथीदारांत पुढे अहमदजान थिरकवा तबल्यावर, कादरबक्ष सारंगीवर आणि हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर होते. ही योजना लक्षात घेण्याजोगी आहे. ऑर्गन आल्यावरही बालगंधर्वांनी सारंगी सोडली नाही. मींड सारंगीने घ्यावी आणि पोकळी ऑर्गनने भरावी, असा हा संसार होता. ऑर्गनची उणीव कोणती, हे त्या मंडळीला पुरते ठाऊक होते.

ती उणीव आकड्यांत सांगता येते. सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर पट्टीच्या वाद्यात प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटांचा असतो. शुद्ध गंधार म्हणून ४०० सेंटांवर बसतो. मिरजेचा उत्तम तंबोरा नीट जुळवला की त्याच्या झंकारातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो असतो सुमारे ३८६ सेंटांवर. हा १४ सेंटांचा फरक तयार कानाला खुपतो. गायक तंबोऱ्याकडे कान ठेवून गातो आणि पेटी त्याला वर ओढते.

या खुपण्यावर उपाय शोधणारा माणूस सांगलीचाच होता. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. या शोधात त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साहाय्य झाले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स हेही या कामात सामील झाले. लंडनच्या मूर कंपनीकडून ‘श्रुती हार्मोनियम’ बनवून घेण्यात आली. नेहमीच्या बारांहून अधिक सूर असलेली ही पेटी १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली, परंतु तिला मान्यता मिळाली नाही. पेटी फसली, पण देवलांचा प्रश्न खोटा नव्हता. त्यांची अडचण अशी की श्रुती ही खुंटीला टांगलेली वस्तू नाही. एकच कोमल गंधार दरबारीत आंदोलत राहतो आणि दुसऱ्या रागात स्थिर उभा असतो. तो बावीस खणांत बसवा की बावन्न, खणाबाहेर जाणारच.

पुढे १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती शिथिल व्हायला १९७०चे दशक उजाडले. विरोधकांत रवींद्रनाथ टागोरांसारखी माणसे होती, हे विसरू नये. रंगभूमीने मात्र या बंदीची फारशी पर्वा केली नाही. गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांच्यासारख्या वादकांनी साठच्या दशकानंतरही नाट्यसंगीताची साथ ऐटीत सांभाळली.

दरम्यान जगात ऑर्गनमधली हवाच नाहीशी होत होती. लॉरेन्स हॅमंडने १९३५ साली विजेवरचा ऑर्गन बाजारात आणला. त्यात दातेरी चकत्या चुंबकांपुढे फिरत आणि त्यातून स्वर उमटे. भारतीय कानांवर विजेचा स्वर ठसला तो १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातून. त्यातली गाजलेली पुंगी खरी पुंगी नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती. गंमत अशी की गारुड्यांनीही पुढे तीच धून उचलली.

गावोगावच्या मंडळींनी कीबोर्ड स्वीकारला तो सोयीसाठी. जुना ऑर्गन टेम्पोतून न्यावा लागतो. दमट हवेत त्याचे सूर गंजतात, चामडे फाटते आणि दुरुस्ती करणारा हात दुर्मीळ झाला आहे. कीबोर्ड एस.टी.च्या सीटखाली मावतो. नायक काळी एकचा आणि नायिका काळी चारची असली, तरी ट्रान्सपोजचे बटण वादकाची बोटे वाचवते. याला ऱ्हास म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ऑर्गनही कधी काळी असाच सोयीपोटी आला होता. मात्र एक गोष्ट खरोखर हरवली. नट पदाच्या शेवटी श्वास सोडी, तेव्हा वादकाचे पाऊल सैल पडे आणि ऑर्गनचा सूरही त्याच्याबरोबर विरत जाई. कीबोर्डला आवाज कमी करण्याचे पॅडल जोडता येते, पण त्याला दम लागत नाही.

आजच्या अनेक कीबोर्डांत ‘स्केल ट्यूनिंग’ नावाची सोय असते. तिच्यात प्रत्येक स्वर सेंटासेंटाने चढवता-उतरवता येतो. देवलांना ज्यासाठी लंडनला पेटी घडवून घ्यावी लागली, तो गंधार १४ सेंट उतरवायला आता जेमतेम अर्धा मिनिट लागतो. प्रयोगाच्या संध्याकाळी तो पर्याय क्वचितच कोणी उघडून पाहते. वादक गायकाची पट्टी विचारतो, ट्रान्सपोज लावतो आणि तिसऱ्या घंटेची वाट पाहतो.