काजळी आणि कर्करोग

अठराव्या शतकातील लंडन शहर दगडी कोळशाच्या उबेवर जगत होते. घराघरांतला धूर अरुंद व वाकड्यातिकड्या धुराड्यांतून वर जाई, आणि धुराड्यांच्या भिंतींवर साचलेली काजळी खरवडण्यासाठी लहान मुलांना आत चढविले जाई. ही मुले बहुधा गरिबाघरची वा अनाथ असत. अंगावर धड वस्त्र नसे, स्नान क्वचित घडे, आणि दिवसा काजळी भरलेली पोतीच पुष्कळदा रात्रीचे अंथरूण-पांघरूण होत.

या मुलांतील काहींना तारुण्यात पदार्पण केल्यानंतर अंडकोशाच्या त्वचेवर एक चिवट व्रण होत असे. धुराडी साफ करणारे लोक त्याला आपल्या बोलीत काजळीची चामखीळ म्हणत. वैद्य मात्र तो गुप्तरोग समजून रोग्यास पारा देत. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी 1775 साली हा गैरसमज दूर केला. हा कर्करोग आहे, आणि त्याचे कारण त्वचेच्या सुरकुत्यांत साचून राहणारी काजळी आहे, असे त्यांनी लिहिले. विशिष्ट व्यवसायातील विशिष्ट पदार्थ आणि कर्करोग यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे प्रथमच मांडला गेला.

कारण कळले म्हणजे निवारण झाले, असे मात्र नव्हे. 1788 च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवण्यास मनाई केली. 1840 च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यात चढविण्यास बंदी घातली. परंतु अंमलबजावणीची यंत्रणा नसल्यामुळे दोन्ही कायदे बव्हंशी कागदावरच राहिले. अखेर 1875 साली, लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नाने, परवान्याची सक्ती आणि पोलिसांची देखरेख आली, तेव्हा कोठे ही प्रथा संपली. पॉट यांच्या लेखनास तोवर शंभर वर्षे लोटली होती.

पुढे हेन्री बटलिन या शल्यवैद्यांनी 1892 साली एक मार्मिक प्रश्न विचारला. हा रोग इंग्लंडमध्ये आढळतो. मग युरोप खंडातील धुराडी साफ करणाऱ्यांत तो इतका विरळ का? शोधाअंती उत्तर अगदी साधे निघाले. जर्मनीसारख्या देशांत हे कामगार अंगाला घट्ट बसणारा पोशाख घालीत आणि काम संपताच स्वच्छ स्नान करीत. विज्ञानाला काजळीतील नेमके विष सापडण्यापूर्वीच त्याचा उतारा लोकांच्या हाती होता! ते विष सापडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन् महिने डांबर चोळून 1915 साली कर्करोग निर्माण करून दाखविला. आणि लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबराचे पृथक्करण करून त्यातून बेंझोपायरीन हे द्रव्य वेगळे काढले व 1933 साली ते जाहीर केले.

धुराड्यात चढणारी मुले इतिहासजमा झाली. काजळी मात्र गेली नाही. आग विझविणारा जवान त्याच काजळीत उभा असतो. इतकेच नव्हे, तर आजच्या घरांतील प्लॅस्टिक, फोम, रंग आणि कृत्रिम धागे जळू लागले म्हणजे तीत बेंझीन, फॉर्मल्डिहाइड इत्यादींची भर पडते, आणि जुन्या इमारती कोसळताना ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत मिसळतात. ज्वाला शमल्यावर राख उपसताना श्वसनयंत्राचा मुखवटा काढून ठेवण्याची सवय तर विशेष घातक. शिवाय घामेजलेल्या, तापलेल्या त्वचेतून, विशेषतः मानेच्या नाजूक कातडीतून, ही द्रव्ये शरीरात शिरतात.

शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को येथील सुमारे 30,000 अग्निशामकांची 1950 ते 2009 या काळातील माहिती अमेरिकन सरकारच्या संशोधकांनी तपासली. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सर्वसामान्य लोकांच्या तुलनेने त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण 9 टक्क्यांनी आणि त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण 14 टक्क्यांनी अधिक होते. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग तर जवळजवळ दुप्पट आढळला. लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली या व्यवसायाचा धोका केवळ 'संभाव्य' मानला होता. 2022 साली मात्र मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कर्करोग यांचा पुरेसा पुरावा मान्य करून तिने तो निश्चित कर्ककारक व्यवसायांच्या पहिल्या वर्गात घातला.

एखाद्या जवानाचा रोग नेमक्या कोणत्या आगीतून आला, हे सिद्ध करणे दुष्कर असते. कारण आग आणि आजार यांमध्ये दहा-वीस वर्षांचे अंतर पडते. म्हणून कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने 2002 साली कायदाच केला की, ठराविक वर्षे सेवा केलेल्या अग्निशामकास विवक्षित कर्करोग झाल्यास तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. निवारणाच्या बाबतीत स्वीडनमधील शेलेफ्टेओ गावच्या अग्निशामकांनी घालून दिलेला धडा उल्लेखनीय आहे. मळलेला पोशाख आगीच्या जागीच उतरवावा, तो बंद पिशवीत ठेवून बसण्याच्या जागेपासून दूर न्यावा, सामान धुवावे आणि ठाण्यावर परतताच स्नान करावे. बटलिन यांनी जर्मन कामगारांत जे पाहिले, त्याचीच ही नवी आवृत्ती नव्हे काय?

आपल्या देशात 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या बोटीचा स्फोट झाला आणि 66 अग्निशामकांनी प्राण वेचले. त्यांच्या मृत्यूची नोंद झाली, स्मारक उभे राहिले. परंतु जो जवान आगीतून सुखरूप परततो आणि निवृत्तीनंतर रुग्णशय्येवर प्राण सोडतो, त्याचे नाव कोणत्या शिळेवर कोरले जाते? काजळीने माखलेला पोशाख ही शौर्याची खूण, अशी भावना जगभरच्या बंबवाल्यांत दीर्घकाळ रुजलेली आहे. ती खूण धुऊन टाकण्यास साबण, पाणी, पोशाखाचा दुसरा जोड आणि थोडी शिस्त पुरते. पॉट यांच्या शोधानंतर कायद्याने शंभर वर्षे घेतली. या खेपेस तितका अवधी घेण्याचे काहीच कारण नाही.