बजाजनगर : पत्ता वसाहतीचा, मत गावाचं

बजाजनगरमधल्या घरांचे पत्ते एकदा नीट वाचून पाहा. कितीतरी पत्त्यांत 'आर.एल.' किंवा 'आर.एम.' आणि पुढे आकडा दिसतो. ते एमआयडीसीच्या निवासी भूखंडांचे क्रमांक. पण त्याच घरातला माणूस मत देतो ते वडगाव कोल्हाटी-बजाजनगर ग्रामपंचायतीला. पत्ता औद्योगिक वसाहतीचा, मत गावाचं. हे असं का झालं, ते आज पाहू.

वाळूजला बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी १९८४ साली झाली आणि ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन. मागोमाग सुटे भाग पुरवणारे कारखाने आले, मराठवाडा-विदर्भ-खानदेशातून कामगार आले. त्यांना राहायला एमआयडीसीनं भूखंड पाडले. कारखान्याचंच नाव वस्तीला लागलं. आजूबाजूच्या गावांत पुढे सिडकोनं वाळूज महानगर आखलं. म्हणजे भूखंड एकाचा, शेजारचा आराखडा दुसऱ्याचा, आणि निवडून दिलेली सत्ता तिसरीच!

आता ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा काय म्हणतो? सदस्य कमीत कमी ७, जास्तीत जास्त १७. साडेसात हजारांच्या वर लोकसंख्या गेली की १७, मग पुढे ती कितीही वाढो. आठ हजारांच्या गावालाही १७ आणि कारखान्यांभोवती फुगलेल्या वस्तीलाही १७. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गाव होतं, तीन पाळ्यांत जागणारी वस्ती नव्हती.

अशीच गाड्यांच्या कारखान्याशी जोडलेली वस्ती ऑस्ट्रेलियातही आहे. ॲडलेडच्या उत्तरेला १९५५ मध्ये सरकारी गृहनिर्माण संस्थेनं एलिझाबेथ हे उपनगर वसवलं. होल्डन मोटारींचा कारखाना तिथे आला. कारभार आधी शेजारच्या सॅलिसबरीकडे होता. १९६४ मध्ये, नऊच वर्षांत, एलिझाबेथला स्वतःची कौन्सिल मिळाली. १९९७ मध्ये ती मुनो पॅरामध्ये विलीन होऊन प्लेफर्ड झाली. २०१७ मध्ये कारखाना बंद पडला, पण लोकांना जाब विचारायला दार राहिलं.

आपल्याकडे वाट नाही असं नाही. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यानुसार लोकसंख्या २५ हजारांवर, दर चौरस किलोमीटरला किमान ३०० माणसं आणि किमान ३५ टक्के रोजगार शेतीबाहेरचा असेल, तर नगरपरिषद होऊ शकते. मात्र अधिसूचना काढायची राज्य सरकारनं.

मग नगरपरिषद हाच रामबाण उपाय का? तसंही नाही. ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला बसता येतं, बोलता येतं. नगरपरिषदेत ग्रामसभा नसते. शिवाय शहर झालं की कर वाढेल, ही धास्ती खोटी म्हणता येणार नाही. पण ज्या ग्रामसभेच्या वेळी निम्मे मतदार पाळीवर असतील, तिथे हा हक्क कागदावरच राहतो.

पोटासाठी आलेला माणूस इथे घर बांधतो, मुलांना शाळेत घालतो, म्हातारा होतो. कारखान्यानं त्याला कामगार केलं, एमआयडीसीनं भूखंडधारक केलं. त्याला नागरिक कोण करणार, हा बजाजनगरच्या इतिहासातला अजून न सुटलेला प्रश्न आहे.