दिवाणाचे वय

घरात दिवाण घ्यायचा ठरला की सगळीकडून एकच सल्ला मिळतो: जमत असेल तर जुना घ्या. सजावटीची मासिके हेच सांगतात, इंटिरियर डेकोरेटर हेच सांगतात आणि घरातली जाणती माणसेही. जुन्याचा साग अस्सल, सांधे हाताने बसवलेले, वस्तू चार पिढ्या टिकलेली. शतकापूर्वीचा ‘अँटीक’ परवडत नसेल तर पन्नास-साठ वर्षांचा ‘विंटेज’ शोधा, तोही नाही मिळाला तर नाइलाजाने दुकानातला नवा. ही उतरंड आता इतकी रूढ झाली आहे की तिला कोणी प्रश्नच विचारत नाही. मला ती चुकीची वाटते. तिच्यापायी माणसे भरपूर पैसे मोजून पाठ दुखवून घेतात, म्हणून तिचे खंडन करणे मला आवश्यक वाटते.

पूर्वपक्षात तथ्य आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. नैसर्गिक जंगलात सावकाश वाढलेल्या सागात पक्के लाकूड, म्हणजे गाभा, भरपूर असतो. वाळवीला आणि पाण्याला दाद न देणारी तेलकट द्रव्ये त्या गाभ्यातच असतात. लवकर तोडलेल्या लागवडीच्या सागात बाहेरचे पांढरे, कच्चे लाकूड जास्त निघते आणि त्याला कीड चटकन लागते. खाच आणि कुसू यांचा सांधा खिळ्या-स्क्रूच्या सांध्यापेक्षा बळकट, यातही वाद नाही.

पण यावरून ‘जुना म्हणून चांगला’ हा सिद्धान्त निघत नाही. हेतू व्यभिचारी आहे, म्हणजे दिलेले कारण प्रत्येक वेळी लागू पडत नाही. आज आपल्यासमोर येणारे जुने दिवाण आणि पलंग हे वाचलेले दिवाण आणि पलंग आहेत. त्याच काळी आंब्याच्या नि सावरीच्या फळ्यांचे, ढिल्या सांध्यांचे कितीतरी सामान बनत होते. ते भुंग्याने पोखरले, पावसात कुजले, बंबात जळाले. उरलेल्यांकडे पाहून सगळ्या काळाला गुण देणे म्हणजे नव्वदी गाठलेल्या चार आजोबांना पाहून जुनी माणसे दीर्घायुषी होती म्हणण्यासारखे आहे.

‘जुन्या’ची व्याख्याही टिकत नाही. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने कारागिरीच्या वस्तूसाठी शंभर वर्षांची मर्यादा घातली आहे. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण वास्तुकार मीस व्हान डेर रोहे याने न्यूयॉर्कमधल्या फिलिप जॉन्सनच्या घरासाठी आखलेला दिवाण घ्या: पोलादी पाय, वर चामड्याची सपाट गादी, एका टोकाला पट्ट्यांनी बांधलेला गोल लोड. आजही तो ‘आधुनिक’ म्हणूनच विकला जातो. त्याची आखणी १९३० ची. आपल्या दुकानांत ‘विंटेज’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक मालापेक्षा हे आधुनिक रूप वयाने मोठे आहे. उलट एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी शिसवीत कोरलेले भरघोस नक्षीचे फर्निचर आज अँटीक म्हणून पूजले जाते. पारशी आणि इंग्रज गिऱ्हाइकांनी ते घेतले तेव्हा ती ताजी फॅशन होती.

किंमत तर त्याहून बेभरवशाची. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुकार पिअर जाँनरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात साग आणि वेताचे सामान घडवले. पुढे त्यातले बरेचसे मोडीत निघाले आणि भंगाराच्या भावाने लिलावात गेले. तेच परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकले जाऊ लागल्यावर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून आदेश काढावा लागला. या सगळ्या उलथापालथीत लाकूड तेच होते, वेतही तोच.

शिवाय बाजारात जुने म्हणून मिळते ते जुने असतेच असे नाही. कातलेला पाय कॅलिपरने दोन दिशांना मोजावा. लाकूड वार्षिक वलयांच्या दिशेने जितके आकसते, ते त्रिज्येच्या दिशेच्या आकसण्याच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे शतकभराचा गोल पाय किंचित लांबट झालेला असतो. तंतोतंत गोल निघाला तर वयाबद्दल शंका घ्यावी. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकातला. दीडशे वर्षांच्या म्हटल्या जाणाऱ्या दिवाणात तो दिसला तर निदान दुरुस्ती तरी झाली आहे, आणि ती कुठवर झाली आहे हे विचारायलाच हवे.

आता मूळ मुद्दा, जो या चर्चेत कोणी काढतच नाही. दिवाण ही दोन कामांची वस्तू आहे आणि ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बसायला कमी खोली लागते, झोपायला जास्त रुंदी. गुडघ्यामागून पाठीपर्यंत माणसाला साधारण अठरा-एकोणीस इंच पुरतात. तीस इंची दिवाणावर भिंतीला नऊ इंचांचा लोड लावला की एकवीस इंच उरतात; पाठ टेकते आणि पायही जमिनीवर राहतात. छत्तीस इंचीवर तोच लोड लावला तर सत्तावीस उरतात. मग माणूस एकतर कडेवर अवघडून बसतो, नाहीतर मागे सरकून पाय अधांतरी सोडतो. तिथे लोडापुढे तक्क्या हवाच. आपल्या बैठकीतले लोड-तक्के शोभेसाठी नव्हते. खोली कमी-जास्त करण्याची ती सोय होती. तेव्हा आधी ठरवावे की दिवाण दुपारच्या वामकुक्षीचा आणि बसण्या-उठण्याचा, की रात्रीच्या पाहुण्याचा. पहिल्याला तीस इंच पुरे, दुसऱ्याला छत्तीस हवेत.

उंचीचेही तसेच. गादी दबल्यावर बैठक सोळा-सतरा इंचांवर यावी. जुने पलंग पुष्कळदा दोन फुटांच्या पुढे असतात, कारण ते चढून झोपण्यासाठी घडवलेले होते. त्यांवर बसले की मांडीच्या मागच्या बाजूला कड रुतते. त्यावर पाय कापून घेणे हा उपाय लोक सर्रास करतात. चांगल्या कातकामाची ती हत्या आहे आणि दिवाणाचे प्रमाणही बिघडते. तसा पलंग झोपण्याच्या खोलीतच शोभतो.

पण जुन्या दिवाणाखालची मोकळी जागा मात्र नव्याने शिकावी अशी आहे. उठताना टाचा गुडघ्यांच्या मागे न्याव्या लागतात. जमिनीपर्यंत सपाट उतरणारा बॉक्स दिवाण टाचांना मागे जाऊच देत नाही, म्हणून वयस्कर माणसांना त्यावरून उठताना हात धरावा लागतो. सामान ठेवायला बॉक्स हवाच असेल तर त्याचा खालचा भाग तीन-चार इंच आत घ्यायला सांगावे. प्लाय वापरायचाच तर मरीन दर्जाचा, आयएस ७१० छापाचा घ्यावा. भुशाच्या बोर्डाला पाणी लागले की तो फुगतो आणि पूर्वस्थितीत येत नाही.

माझे मंडन असे: लाकूड जुने घ्यावे, दिवाण नवा करून घ्यावा. पाडलेल्या वाड्यांचे तुळया-खांब जुन्या लाकडाच्या वखारींत मिळतात. त्यातले खिळे काढून, भेगा वगळून, ओळखीच्या सुताराकडून खाच-कुसवाच्या सांध्यांचा, आपल्या मापाचा दिवाण बनवता येतो. वर कापसाची गादी घालावी, कारण दबलेला कापूस पिंजारी पुन्हा पिंजून देतो. फोम एकदा बसला की फेकावाच लागतो. आणि तयार जुना दिवाण मापाला खरोखर उतरत असेल तर तो जरूर घ्यावा. दुकानात मात्र आधी त्यावर दहा मिनिटे टेकून बसावे, मग हात न टेकता उठून पाहावे, आणि भावाचे बोलणे त्यानंतर काढावे.