संरचनात्मक निरोधक फलक

संरचनात्मक निरोधक फलक : उष्णतानिरोधक पदार्थाच्या जाड गाभ्याच्या दोन्ही बाजूंस पातळ व बळकट तक्ते चिकटवून बनविलेला, इमारतीचा भार पेलणारा फलक. घरांच्या भिंती, छप्पर व जमीन यांसाठी तो वापरतात. फलकावर वाकविणारा भार आल्यास एका तक्त्यावर ताण व दुसऱ्यावर दाब येतो. गाभा दोहोंतील अंतर कायम राखतो आणि कर्तन प्रतिबल सोसतो. त्यामुळे फलकाचे कार्य ‘आय’ आकाराच्या तुळईसारखे होते व भिंतीत खांबांचा दाट सांगाडा लागत नाही.

इतिहास : या बांधकामाचा पाया अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथील वन-उत्पादन प्रयोगशाळेत (स्थापना १९१०) घातला गेला. घराच्या बाहेरील आवरणानेही भार पेलला, तर लाकडाची बचत होईल, या विचाराने तेथील अभियंत्यांनी १९३५ मध्ये प्लायवुडच्या फलकांचे नमुना-घर उभारले. १९४७ मध्ये पन्हळी कागदी पुठ्ठ्याचा गाभा असलेल्या फलकांची चाचणी-इमारत बांधून सुमारे तीस वर्षे तिच्या बळकटीची पाहणी करण्यात आली.

याच सुमारास वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी आपल्या ‘युसोनियन’ घरांत सांगाड्याविना, थर जोडून केलेल्या लाकडी भिंती योजिल्या. मॅडिसनमधील जेकब्झ गृह (१९३७) हे त्याचे उदाहरण होय. तथापि या भिंतींत उष्णतानिरोधन अपुरे होते. राइट यांचे शिष्य ऑल्डन बी. डाउ यांनी १९५० च्या सुमारास मिशिगनमधील मिडलंड येथे पॉलिस्टायरीन फेसाचा गाभा वापरून ही उणीव दूर केली.

फेसयुक्त फलकांचा प्रसार मात्र मंद गतीने झाला. इंधन स्वस्त होते आणि सांगाड्याची घरे बांधण्यात कारागीर मुरलेले होते. १९७३ च्या तेलसंकटानंतर उष्णतेच्या बचतीस महत्त्व आले. पुढे लाकडाच्या कपच्या रेझिनाने चिकटवून केलेले तक्ते प्लायवुडऐवजी वापरात आल्याने मोठ्या आकाराचे फलक करणे सुलभ झाले. २००७ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेत या फलकांच्या भिंतींसाठी नियम समाविष्ट झाले.

गुणदोष : फलक कारखान्यात मापाने कापले जात असल्याने घर लवकर उभे राहते. सांध्यांतून हवा गळत नसल्यास इंधन कमी लागते. मात्र अशा घरात वायुवीजनाची स्वतंत्र व्यवस्था लागते. सांधे सदोष राहिल्यास हानी गंभीर असते. २००१ मध्ये अलास्कातील जूनो येथे काही छपरांचे वरचे तक्ते सांध्यांलगत कुजलेले आढळले. घरातील उबदार, दमट हवा न बुजविलेल्या सांध्यांतून वर जाऊन थंड तक्त्यांवर तिच्यातील बाष्प साकळले होते. पॉलिस्टायरीन उष्णतेने मऊ पडते, म्हणून आतील बाजूस जिप्समचे तक्ते बसवितात. तसेच वाळवी फेस पोखरीत असल्याने गाभ्यावर बोरेट लवणांची प्रक्रिया करतात. एकंदरीत, सांगाड्याच्या घरात सुताराच्या कौशल्यावर अवलंबून असलेली बळकटी येथे बव्हंशी कारखान्यात ठरते. परंतु घराचे टिकाऊपण सांधे जोडणाऱ्या हातांवरच अवलंबून राहते.