पडद्यावरचा गुंड आणि किनाऱ्यावरची वाट

वाचकहो, गुन्हेगारीवरचे चित्रपट गुंडांचे उदात्तीकरण करतात का, हा प्रश्न तुमच्याही घरी निघाला असेल. चित्रपटाची बाजू घेणारे बहुधा म्हणतात, "शेवटी गुंड मरतोच ना!" इतिहास पाहिला तर हे उत्तर पुरे पडत नाही.

अमेरिकेत हा वाद नव्वद वर्षांपूर्वीच झडला. तिथे १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि चोरट्या दारूवर शिकागोच्या टोळ्या पोसल्या गेल्या. त्यांच्यावरच्या 'स्कारफेस' (१९३२) या चित्रपटाला सेन्सॉरने अडवले. नावापुढे 'राष्ट्राची लाज' अशा अर्थाची जोड द्यावी लागली. नायकाला कोर्ट फाशी देते, असा वेगळा शेवटही चित्रित झाला. पण शेवट बदलला तरी आधीची ऐट, मोटारी आणि दरारा तसाच राहिला. प्रेक्षक घरी नेतो ते हेच.

आता मुंबईकडे वळू. आपण इंदूर, बडोदा, बेळगावची माणसे. मुंबईचे हे जग आपण पाहिले ते मुख्यतः पडद्यावरच. म्हणून पडद्याने काय दाखवले आणि काय वगळले, हे आपल्याला अधिक तपासायला हवे.

'दीवार' (१९७५) मधला विजय गोदीतला हमाल. त्याच्यामागे हाजी मस्तान आहे, असे म्हटले जाते. मस्तानही गोदीत हमाली करून तस्करीत शिरला होता. विजय भावाच्या गोळीने मरतो, म्हणजे न्याय झाला. पण त्याच्या सोन्याने नुकसान कोणाचे झाले, हे चित्रपटात कुठे दिसत नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याचे व्यवहार जखडले होते. चोरट्या सोन्याला गिऱ्हाईक होते ते प्रतिष्ठित घरांतलेच. त्या सोन्याचे दागिने मुलींच्या लग्नात घातले गेले. त्यामुळे तस्करी हा बिनबळीचा, जरा धाडसाचा धंदा वाटला.

त्या धंद्याचे पुढे काय झाले, ते पाहा. १९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व आरडीएक्स उतरले. चोरटा माल उतरवायला सरावलेल्या वाटेनेच ते आले, आणि कस्टम व पोलिसांतल्या काहींचे हात ओले करूनच आले. १२ मार्चला मुंबईत स्फोटांत २५७ माणसे गेली. सोन्यासाठी ज्यांनी डोळेझाक केली होती, त्यांची सवय या दिवशी टोळीच्या उपयोगी पडली.

खुद्द चित्रपटसृष्टीही सुटली नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कॅसेट-उद्योजक गुलशन कुमार यांची अंधेरीत देवळाबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्याच वर्षी 'सत्या' आला. त्यातले मरण अचानक आणि कुरूप आहे, तो चित्रपट प्रामाणिक आहे. तरीही माझ्या दवाखान्यात येणारी कॉलेजची मुले भिकू म्हात्रेचीच नक्कल करतात. त्याने मारलेल्यांपैकी एकाचेही नाव त्यांना सांगता येत नाही.

याउलट जयंत पवार यांचे 'अधांतर' हे नाटक आणि त्यावरून महेश मांजरेकरांनी केलेला 'लालबाग परळ' (२०१०) आठवा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यात गिरणगावातली घरे मोडली. अशाच एका घरातला मुलगा टोळीत जातो. इथे आपण त्या घरातच बसलेले असतो. हप्त्याच्या पैशाने चूल पेटते, पण आईच्या तोंडी घास उतरत नाही, हे आपल्याला दिसते. इथेही गुंड आहे, पण त्याचा हेवा वाटत नाही.

माझे उत्तर असे : बंदूक दाखवल्याने उदात्तीकरण होत नाही, बंदुकीची किंमत मोजणारा माणूस वगळल्याने होते. आमच्या जैन आचारशास्त्रात हिंसा तीन वाटांनी लागते असे सांगितले आहे : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मनाने मान्य केलेली. चित्रपटगृहातली टाळी या तिसऱ्या वाटेवर आहे. ती हत्येइतकी मोठी नाही, पण शून्यही नाही.

बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. 'स्कारफेस'च्या कथेतून बंदीचा उपयोग किती, ते कळतेच. नातवंडांबरोबर असा चित्रपट जरूर पाहा. संपल्यावर त्यांना एवढेच विचारा : यात ज्याचे दुकान गेले, ज्याचा मुलगा गेला, त्याचे घर आपल्याला दाखवले का?