हवाई
हवाई : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पन्नासावे राज्य (२१ ऑगस्ट १९५९). पॅसिफिक महासागरातील ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह, राजधानी होनोलुलू. पहिल्या कामेहामेहाने १८१० पर्यंत प्रमुख बेटे एका राज्याखाली आणली. पुढे ऊसमळ्यांच्या गोऱ्या मालकांचे वर्चस्व वाढले. अमेरिकन नौसैनिकांच्या पाठबळावर १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत करण्यात आले. हा उघड अन्याय होता. १८९५ मध्ये तिला तिच्याच इओलानी राजवाड्यातील एका खोलीत कैदेत ठेवले. तेथे तिने कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवली. ती राजवाड्यात जपलेली आहे. १८९८ मध्ये अमेरिकेने राज्य खालसा केले. १८९६ च्या कायद्याने शाळांतून हद्दपार झालेली हवाईयन भाषा १९७८ मध्ये इंग्रजीबरोबर राजभाषा झाली. १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने मूळ हवाईयन लोकांची माफी मागितली. राजसत्तेच्या जमिनी मात्र त्यांना परत मिळाल्या नाहीत.